साडेअकराचा पंचनामा

साडेअकराला शाणू चहा आणतो
आणि मी प्रिंटरचं बटण बंद करते, त्यालाही दम लागतो.
सात मिनिटं.
फिलोमिना मुलीच्या शाळेत फोन लावते,
साहेब खाली पानाच्या गाड्यावर,
आणि वाळपईच्या या पहिल्या मजल्यावर
मी एका साळिंदराच्या अंगात शिरते.

साळिंदराच्या डोक्यावर कढई आहे.
का, ते विचारू नका. ज्याने हा खेळ रचला
त्याच्या घरी त्या दिवशी बहुधा भांडी पडून होती.
आभाळातून माकडं उतरतात, गुलाबी,
छत्रीसारखी केळीची पानं धरून,
काहींना चष्मा, एकाला टाय.
टायवाल्याला दोनदा मारावं लागतं.
त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटतो, नाव घेणार नाही.
माझ्या तोफेतून सुटतात केळी.
लागलं की माकड केळं झेलतं, सोलतं,
मोठा ढेकर देतं आणि ढगात विरून जातं.
हे मारणं की जेवायला वाढणं
ते लेव्हल नऊपर्यंत मला ठरवता आलेलं नाही.
एका ब्रेकमध्ये दोनशे केळी जातात,
त्यांचा पंचनामा कोण करणार?

कारण टॅब बदलला की खाली बसलेली असते
दुसरी यादी, एक्सेलमधली.
नगरगाव, केळी, चाळीस झाडं, वानर.
धावे, नारळ, शेकरू.
म्हाऊस, भात, गवा, एकच रात्र.
कुणीतरी लिहिलंय, सुपारी,
'कोण तें दिसलें ना, आवाज आयलो.'
ड्रॉपडाउनमध्ये पाचच प्राणी आहेत.
आवाज त्यात नाही.

गेल्या मंगळवारी मी लेव्हल नऊवर असताना
काचेपलीकडे झिलू गावस उभे होते,
किती वेळ, कोण जाणे.
पिशवीत एक-चौदाचा उतारा, कृषी कार्ड, पासबुक,
आणि पुरावा म्हणून भोक पाडलेलं एक शहाळं.
मी टॅब झाकायला गेले, माऊस घसरला,
आवाज वाढला,
माकडाचा ढेकर अख्ख्या कचेरीभर.

"बाये, हे खंयचे?"
खेळातले, मी म्हटलं.
"आमचेय अशेच. पूण आमचे ढेंकर दिनात."

चहाची अजून चार मिनिटं उरली होती.
काय वाटलं कोण जाणे, मी माऊस त्यांच्या हातात दिला.
त्यांची बंदूक निवडणुकीआधी ठाण्यावर जमा झाली,
नंतर ते आणायलाच गेले नाहीत.
तरी बसले तसेच, एक डोळा मिटून,
नसलेला दस्ता खांद्याला टेकवून,
श्वास धरून.

माकडं उतरली. टायवालासुद्धा.
झिलूंनी बोट हलवलं नाही.
कढई ठणाणली, साळिंदर उताणं पडलं,
चार पाय वर.

"कित्याक मारिनात तुमी?" फिलोमिना,
फोनवर हात ठेवून.

"तिच्या पोटाक पील आसा."

मी स्क्रीनला नाक लावलं.
चष्मेवालीच्या पोटाशी खरंच एक ठिपका होता,
थोडा जास्त गुलाबी,
त्याला डोळे.
दोन महिने मी तिला पाडत आलेय.
एका केळ्यात दोघं विरतात, गुण दुप्पट.
मला वाटायचं, बोनस.

मग प्रिंटर चालू केला.
नुकसान, शहाळी, बावीस.
प्राणी, वानर.
सही इथे, आणि इथे.
शहाळं ते टेबलावरच ठेवून गेले,
पुरावो परत व्हरनात, म्हणाले.
शाणूने कोयता शोधेपर्यंत ते आंबलं.

आता साडेअकराला मी तिला वाट देते.
ती उतरते, कढईवर पाय ठेवते, खेळ संपतो.
लेव्हल नऊच्या पुढे काय आहे
मला ठाऊक नाही.
टायवाल्याला मात्र तीनदा मारते.